बिनडागाची झाडं

माझ्या कॅमेऱ्यात हजारो झाडं आहेत आणि माणूस एकही नाही. पूर्वी हे मी छाती फुगवून सांगायचो. आता कोणी विचारलं तर चहा मागवतो आणि विषय बदलतो.

मी खानदेशातला. सुरतेत आलो तेव्हा मिसरूड फुटत होतं, आता मिशी पांढरी झाली. निम्मं आयुष्य लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, उभ्याने काढलं. पुढे कान अधू झाले, पाय सुजायला लागले, तेव्हा शेठने मला ताके तपासायला बसवलं. लूमवरून उतरलेलं कोरं कापड काचेच्या टेबलावरून ओढायचं, काचेखाली ट्यूबलाइट जळत असते, आणि कुठे तेलाचा डाग, कुठे जाळी, कुठे तुटलेला धागा दिसला की खडूने खूण करायची. सकाळी आठ ते रात्री आठ हेच काम. माझ्या नजरेतून डाग सुटत नाही. ज्याच्या ताक्यावर खूण पडते तो कारागीर मला दिवसभर शिव्या घालतो. घालेना का! डाग मी पाडलेला नसतो.

पण ही नजर संध्याकाळी टेबलावर ठेवून घरी येता येत नाही, ही खरी गोम आहे. घरात पाऊल टाकलं की मला भिंतीवरचा ओघळ दिसायचा, धुतलेल्या शर्टावर राहिलेला हळदीचा ठिपका दिसायचा, आणि मी लगेच बोट ठेवून दाखवायचो. बायको म्हणायची, "अहो, खडू ठेवा आता खाली." ती हसत म्हणायची म्हणून मला वाटायचं, गंमत चाललीय.

आम्ही दोघंच. मूलबाळ झालं नाही. पहिली काही वर्षं डॉक्टर, देव, नवस सगळं करून झालं, मग दोघांनीही तो विषय सोडून दिला. कोसाडच्या कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगची खिडकी, मध्ये दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. शेजारी कोणी ओडिशाचे, कोणी यूपीचे, भाडेकरू सारखे बदलायचे. बायकोला हिंदी जेमतेम, गुजराती त्याहून कमी. मी बारा तास खात्यात, ती बारा तास घरात. हे आज लिहिताना मला दिसतंय. तेव्हा दिसलं नाही, आणि म्हणे माझ्या नजरेतून डाग सुटत नाही!

कॅमेरा मिळाला उधन्याच्या एका स्टुडिओवाल्याकडून. तो माझ्या रोजच्या चहाच्या टपरीवरचा ओळखीचा. लग्नांचे फोटो काढून काढून कॅमेरा जुना झाला होता, पकडायचं रबर निघालं होतं, पण काच स्वच्छ होती. त्याने नवा घेतला आणि हा मला देऊन टाकला. शिकवलंही त्यानेच. बटण अर्धं दाबून थांबायचं, हिरवा चौकोन लागला की पूर्ण दाबायचं. उन्हाकडे तोंड करून झाड घेतलं तर पानं काळीठिक्कर पडतात आणि आकाश पांढरंफटक, म्हणून ऊन पाठीवर घ्यायचं. पहिल्याच रविवारी मी अमरोलीच्या बाजूला एक पिंपळ काढला. घरी येऊन त्या छोट्या स्क्रीनवर मोठा करून पाहिला तर पानाची शीर न् शीर दिसत होती. आठवडाभर नुसतं पांढरं कापड बघणाऱ्या माणसाला हिरव्या रंगाचं काय होतं, ते दुसऱ्याला सांगून कळायचं नाही. मी खाटेवर बसून लहान पोरासारखा हसत होतो.

मग प्रत्येक रविवार माझा झाला. भल्या सकाळी निघायचं, अंधार पडायच्या आत परत. इच्छापोरच्या पुढे कारखान्यांच्या भिंतींमागे वेडी बाभूळ माजलेली असते, तिच्यावर बगळे बसतात. डुमसला सुरूची झाडं. चलथाणकडे उसाच्या बांधावर एकच आंबा आहे, हायवेवरून दिसतो. शहरात जुन्या रस्त्यांना शिरीष आहेत, दोन्ही बाजूंनी येऊन वर एकमेकांना मिळालेले. मी बसने जायचो, शेअर रिक्षाने जायचो, उरलेलं पायी तुडवायचो.

आणि फोटो कसे म्हणाल, तर बिनडागाचे! उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, झाली की सुरतेच्या झाडाझाडाला फाटके पतंग लटकतात, मांजा गुंडाळलेला असतो. असलं झाड मी घेतच नसे. विजेची तार मध्ये आली, बाद. खाली पाण्याची बाटली पडलेली, बाद. माणूस दिसला तर सगळ्यात आधी बाद. झाडाखाली बाकडं असलं की तिथे कोणी ना कोणी बसलेलं असायचंच. मी समोर उभा राहून घड्याळ बघायचो, आणि शेवटी जाऊन सांगायचो, "जरा बाजूला व्हा ना, फोटो घ्यायचाय." एकदा एक म्हातारा-म्हातारी शेंगा सोलत बसले होते, त्यांनाही उठवलं. म्हाताऱ्याला वाटलं, त्यांचा काढतोय. त्याने टोपी नीट केली. मी म्हटलं, "तुमचा नाही काका, झाडाचा." बिचारा शेंगांची पुडी धरून बाजूला उभा राहिला. फोटो मात्र झकास आला.

तीन वर्षांपूर्वी सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि बायको त्यांच्याजवळ राहायला गेली. तिचं माहेर पारोळ्याच्या पुढे, फाट्यापासून आत. चार महिन्यांनी सासूबाई गेल्या. तेरावं आटोपून मी परत निघालो तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी घर आवरून येते." महिना झाला, दोन झाले, सहा झाले. कसलं घर आवरत होती कोण जाणे, दोन खोल्यांचं तर घर. शेवटी मी फोनवर चिडलो, "येणार आहेस की नाही, एकदाचं सांग." ती म्हणाली, "तिथे खिडकीतून एक झाड दिसत नाही हो. माझा जीव गुदमरतो."

झालं! मी ते वाक्य धरून बसलो. खरं सांगतो, मला आनंदच झाला. अहो, या सुरतेत माझ्याइतकी झाडं कोणाजवळ होती? बायकोला झाडंच हवी असतील तर प्रश्नच मिटला. इथे झाडं आहेत हे फक्त तिला दाखवायचं, तिला पटलं की ती येईल. इतका सोपा हिशोब मी आयुष्यात केला नव्हता.

तिच्याजवळ साधा बटणांचा फोन, त्यावर फोटो जाणार नाहीत. मग मी रविवारी संध्याकाळी स्टुडिओत कार्ड द्यायला लागलो, निवडून सहा-सात फोटो कागदावर काढून घ्यायला लागलो. मागे पेनने लिहायचो, कुठलं झाड, घरापासून किती लांब, कोणती बस जाते. पुडकं बांधून ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे द्यायचं. आमच्या लोकांची ही टपालाची रीतच आहे. साड्या, औषधं, पोरांचे बूट, सगळं ट्रॅव्हल्सवाल्यांच्या हातून गावाला जातं. फाट्यावर ड्रायव्हर हॉर्न वाजवतो आणि माणूस येऊन घेऊन जातो. स्टुडिओवाला मला चिडवायचा. "काका, एवढे फोटो तर लोक मुलगी दाखवायला पाठवत नाहीत. कुठल्या झाडाचं लग्न जमवताय?" मी म्हणायचो, "माझंच जमवतोय, परत एकदा." तो हसायचा, मीही हसायचो.

घरी आल्यावर हसू टिकत नसे. खोटं कशाला बोलू, घर खायला उठायचं. डाळ कुठल्या डब्यात आहे ते मला सगळे डबे उघडून शोधावं लागलं. कुकरची शिट्टी झाली की मी दचकायचो, वाटायचं ती आत आहे. एकदा तीन दिवस तापाने पडलो. शेठचा फोन आला तो कामावर का आला नाही म्हणून. बाकी जगाला पत्ता नव्हता. चौथ्या दिवशी मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो, उगाच, कोणीतरी विचारावं म्हणून. समोरच्या गॅलरीतली बाई दोरीवरचे कपडे काढून आत निघून गेली. त्या दिवशी मला रडू आलं. या वयाच्या माणसाला तोंडावर टॉवेल धरून रडावं लागतं, म्हणजे भिंतीपलीकडे ऐकू जात नाही.

दर बुधवारी मी फोन करायचो.

"मिळाले का?"

"मिळाले."

"कसे आहेत?"

"छान आहेत."

"मग?"

"मग काय?"

या "मग काय"ने माझं डोकं फिरायचं. मी फोन ठेवायचो आणि रविवारी आणखी लांब जायचो. मला वाटायचं, अजून हवं तसं झाड सापडलेलं नाही. तिला पटेल असं एखादं झाड कुठेतरी असणारच.

आणि या वर्षी ते सापडलं. बहावा, इथे त्याला गरमाळो म्हणतात. वेसूच्या पलीकडे एका अर्ध्यात थांबलेल्या बांधकामाच्या कडेला, पान दिसू नये इतका फुललेला. मी तिथे सलग तीन रविवार गेलो. पहिल्या रविवारी मागे क्रेन येत होती. दुसऱ्या रविवारी झाडाखाली मजुरांच्या बायका मुलं घेऊन बसल्या होत्या. त्या उठेनात, आणि उठवायला गेलो तर एकीने मला असं झापलं की मी गुपचूप माघारी आलो. तिसऱ्या रविवारी सकाळी कोणी नव्हतं. वारा पडलेला होता, ऊन पाठीवर. एकच फोटो काढला आणि मला कळलं, हाच. मोठा करून घेतला, फ्रेम केली, आणि ठरवलं, हा ट्रॅव्हल्सने पाठवायचा नाही. हा आपण न्यायचा आणि बायकोला घेऊनच यायचं.

आखाजीला शेठने चार दिवस सुट्टी दिली. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोक्यावर बसतात, गाणी म्हणतात. दिवसाच्या गाडीने निघालो, फ्रेम वाटभर मांडीवर. शेजारच्याने दोनदा विचारलं, देवाचा फोटो आहे का म्हणून. फाट्यावर उतरून चालत गेलो. मनात चित्र होतं की बायको एखाद्या कडुनिंबाखाली बसलेली असेल, ज्या झाडासाठी तिने सुरत सोडली त्या झाडाखाली.

तिच्या अंगणात झाड नव्हतं. रोपसुद्धा नव्हतं. पत्र्याची शेड होती, तिच्या लोखंडी पाइपाला झोका बांधलेला होता. खाली गल्लीतल्या चार-पाच बायका खाटांवर बिबडे, ज्वारीचे पापड, वाळत घालत होत्या, आणि माझी बायको झोक्यावर बसून, पाय जमिनीला टेकवून, कोणाची तरी नक्कल करत होती. बायका पोट धरून हसत होत्या. मी तिला असं हसवताना कधी पाहिलं नव्हतं. तिला नकला येतात हे मला माहीत नव्हतं. संसाराला सव्वीस वर्षं झाली होती आमच्या.

मला बघून ती उठली, पदर सारखा केला, पाणी आणलं. बायका एकेक करून गेल्या. चहा झाला. मी फ्रेम उघडून खाटेवर ठेवली आणि वाट बघत बसलो.

"सुंदर आहे," ती म्हणाली. मनापासून म्हणाली. मग आत गेली आणि साडीचं एक खोकं घेऊन आली. त्यात दोन वर्षांचे माझे सगळे फोटो होते, एकही दुमडलेला नाही. माझं काळीज सुपाएवढं झालं. म्हटलं, जमलं!

"यातलं कुठलं आवडलं?" मी विचारलं. "म्हणशील त्या बाजूला खोली बघू. कोसाडलाच राहायला हवं असं नाही."

तिने फोटो खाटेवर मांडले. तिचं बोलणं अहिराणीत होतं, आम्ही दोघं तेच बोलतो. इथे मराठीत लिहितोय.

"ह्या झाडाखाली बाकडं आहे," ती म्हणाली. "ह्याच्याखाली पण. ह्याच्याखाली दगडाचा ओटा. एवढी बाकडी, आणि कोणीच कसं बसलेलं नाही? सुरतेत माणसं नाहीत का?"

"असतात. मी उठवतो त्यांना. फोटो खराब होतो."

ती फोटो गोळा करून परत खोक्यात ठेवायला लागली, एकावर एक, सावकाश.

"मी येणार नाही," ती म्हणाली.

"अगं पण तूच म्हणाली होतीस ना, झाड दिसत नाही म्हणून!" माझा आवाज चढला. "इथे तरी कुठे आहे झाड? पत्र्याला झोका बांधून बसलीयेस!"

"नाहीच आहे. मला दुपारी इथे कोणीतरी हाक मारतं, तेवढं पुरे आहे. तुम्हाला काय सांगणार होते फोनवर? माणूस दिसत नाही म्हणाले असते तर तुम्ही म्हणाला असता, 'मी कोण मग?' म्हणून झाड म्हणाले."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ती थांबली नाही. इतकी वर्षं ती माझ्यासमोर सलग चार वाक्यं बोलली नव्हती.

"तुम्ही कॅमेरा घेतलात ना, त्याच्या दुसऱ्या रविवारी मी चार वाजता उठले होते. चार भाकरी केल्या, ठेचा केला, दोघांचं बांधलं. ती मोरपंखी साडी नेसले. म्हटलं नदीकाठी जायचं असेल, बसू कुठेतरी. तुम्ही डबा उघडून बघितला आणि म्हणालात, एवढ्या कशाला? आणि दोन भाकरी काढून ताटलीत ठेवल्यात. चप्पल घातली आणि गेलात. साडीकडे बघितलंच नाही. त्याच्या पुढच्या रविवारी मी परत चार केल्या. तुम्ही परत दोन काढल्या. मग मी दोनच करायला लागले."

मला आठवलं. भाकऱ्या आठवल्या, ताटली आठवली, तिच्यावर मी झाकण ठेवलं होतं तेही आठवलं, मुंग्या लागू नयेत म्हणून. साडी आठवेना. मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला, खूप केला. दारात ती उभी असणार, पण मला फक्त दार आठवत होतं.

"सांगायचं तरी," मी म्हटलं.

"नेसून उभी होते की. आणखी कसं सांगायचं?"

दोन दिवस राहिलो. भांडण झालं नाही. तिने सांजोऱ्या केल्या, मी पत्र्याचा एक ढिला खिळा ठोकून दिला. दुपारी बायका आल्या की मी आतल्या खोलीत जाऊन पडायचो आणि बाहेरचं हसणं ऐकायचो. मी असलो की ती नक्कल करत नसे, म्हणून मी उठून बाहेर गेलो नाही. तिच्यावर राग धरावा असं फार वाटत होतं, पण धरायला काही सापडत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. लांबून गाडी दिसली तसा मी म्हणालो, "चल ना." सुरतेला ये असं मी शंभर वेळा म्हणालो होतो, पण कुठेही जाताना, पायात चप्पल घातल्यावर, तिच्याकडे बघून "चल" म्हणायची ही माझी पहिली वेळ होती. हे तिलाही कळलं असावं, कारण तिचे डोळे भरून आले.

गाडी थांबली. मी एक पाय पायरीवर ठेवून उभा राहिलो. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"पोचलात की फोन करा," ती म्हणाली.